बाराव्या चमच्याची झीज

१

त्याला सगळे जोडीवाला म्हणत. लग्नं जुळवण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. त्याचं स्वतःचंच कसंबसं जुळलं होतं, असं त्याची बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. कुणाचं एका कानातलं हरवायचं, कुणाच्या चांदीच्या पेल्याचं झाकण जायचं. उरलेला तुकडा घेऊन लोक त्याच्याकडे येत आणि तो हरवलेल्याची जोड करून देई. जोडही अशी, की आपली कुठली आणि नवी कुठली ते मालकालाही ओळखू येऊ नये. या गोष्टीचा त्याला गर्व होता आणि तो लपवायचे कष्ट त्यानं कधी घेतले नाहीत.

घराच्या पुढच्या खोलीत त्याचं काम चाले. खिडकीखाली ऐरण, भिंतीला हातोड्या, कोपऱ्यात भट्टी. मागे स्वयंपाकघर आणि मध्ये फक्त एक पडदा. पडद्याच्या अलीकडे हातोडी वाजे, पलीकडे भांडी, आणि कुणाचा आवाज जास्त यावरून नवरा-बायकोची रोज जुंपे. ठकू, त्यांची एकुलती एक मुलगी, शाळेतून आली की दोन्ही बाजूंनी भांडायची.

त्या दिवशी जुन्या वस्तूंचा दुकानदार एक लांबट पेटी काखोटीला मारून आला.

"जोडीवाले, आज तुमचा कस लागणार बघा," असं म्हणत त्यानं पेटी उघडली. आत मखमलीच्या खाचांत चांदीचे अकरा चमचे निजले होते. बारावी खाच रिकामी होती.

"एक गेलेला दिसतोय," जोडीवाला म्हणाला.

"गेलाच असणार. मालकीणबाई म्हाताऱ्या आहेत, घर आवरायला काढलंय. अकरा म्हटलं की गिऱ्हाईक नाक मुरडतं. बारा करून द्या."

"बारावा कसा होता ते विचारलंत का बाईंना?"

"अहो, अकरा समोर आहेत की! आणि त्यांना विचारायला गेलो तर त्या पाळण्यापासून सुरू करतील. मला दुकान आहे."

जोडीवाल्यानं एक चमचा उचलून खिडकीपाशी नेला. यंत्रं यायच्या आधीचं काम होतं. एकाच कांबीतून ठोकून काढलेला अख्खा चमचा. पोटाच्या मागे दांड्यातून उतरलेला बारीक कणा, आणि त्या कण्याच्या कडेला कुणा मेलेल्या कारागिराच्या हातोडीचे पुसट ठसे. त्याला बरं वाटलं. असं काम बघितलं की त्याला नेहमीच बरं वाटायचं.

२

नवा चमचा घडवणं त्याला अवघड नव्हतं. जुने लोक करायचे तसंच तोही करी. कांब अंधुक लाल होईतो तापवायची, पाण्यात बुडवायची, ठोकायची. ठोकून कडक झाली की पुन्हा भट्टीत. एक टोक पसरवायचं, दुसरं लांबवायचं. मग शिशाच्या ठोकळ्यातल्या खळग्यावर पसरट टोक धरून वरून ठोकत त्याला पोट आणायचं. कानस लावायची आणि शेवटी अकीकाच्या दगडानं घोटत बसायचं.

खरी कसोटी होती ती झिजेची. नवा चमचा जुन्यांत मिसळायचा तर तो झिजलेला हवा. जोड करताना तो उरलेल्या वस्तूची झीज उतरवून घेई. पण इथे अकरा चमचे अकरा तऱ्हांनी झिजले होते. जुन्या घरांत ज्याचा चमचा त्याचाच असे. एक बोळक्या तोंडाच्या म्हाताऱ्याचा, एकही ओरखडा नसलेला. एक फक्त ढवळून ढवळून झिजलेला. उजव्या हातानं जेवणाऱ्यांच्या चमच्याचं टोक डावीकडून झिजतं, तसे बहुतेक सगळे. यातल्या कुणाची नक्कल करायची? एकाच माणसाला दोन चमचे कसे असतील?

बायको चहा घेऊन आली तेव्हा तो हात गालाला लावून बसला होता.

"काय झालं?"

"मला कुणाचं तरी तोंड हवंय."

"माझं घ्या. एरवीही बंद ठेव म्हणूनच सांगत असता."

तो हसला, आणि चहा पिता पिता त्यानं ते तोंड मनानंच ठरवून टाकलं. लहान पोर. डावखुरं. घरात सगळ्यांत शेवटी वाढलं जाणारं, म्हणून कायम भुकेलं, भांड्याच्या तळाचं खरवडून खाणारं. पुढचा एक दात अर्धा तुटलेला. चिडलं की चमचा चावणारं.

आजवर त्यानं असं काही मनचं केलं नव्हतं. आता मात्र हात थांबेना. टोकाची उजवी बाजू त्यानं कानशीनं अशी उतरवली, की वर्षानुवर्षं कुणी डाव्या हातानं ताट खरडलंय असं वाटावं. पोलादी खिळ्यानं पोटाच्या काठावर दातांचे खड्डे पाडले, मध्ये तुटक्या दाताची फट ठेवली. दांड्यावर छोटा अंगठा जिथे बसेल तिथे चांदी पातळ केली. संपलं तेव्हा त्या पोराला आपण ओळखतो, असं त्याला वाटलं.

चमचा खाचेत ठेवताना त्याला एक गोष्ट खटकली. बाकीच्या खाचांतली मखमल चेपून काळपटली होती. या खाचेतली लव मात्र ताठ उभी होती.

कधी जागेवर ठेवलाच नसेल पोरानं, असं मनाशी म्हणून त्यानं पेटी मिटली.

३

दुकानदार ठरल्या दिवशी आला नाही. मध्ये काही दिवस गेले. एका सकाळी काम कमी होतं म्हणून जोडीवाल्यानं आपलीच कलाकुसर पुन्हा बघावी म्हणून बारावा चमचा भिंगाखाली धरला, आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

कानशीनं उतरवलेल्या चांदीवर, कितीही घोटली तरी, भिंगातून बारीक समांतर रेघा दिसतात. त्यानं मुद्दाम दोन ठेवल्याही होत्या. बेमालूम कामात स्वतःसाठी तेवढी खूण तो नेहमी ठेवायचा. त्या रेघा आता नव्हत्या. टोक गुळगुळीत होतं, आणि त्यानं उतरवलं होतं त्याहून थोडं जास्त उतरलं होतं.

घोटताना जास्त घोटलं गेलं असेल. तो विसराळू नव्हता, पण माणूस आहे, चुकू शकतो. पेटी बंद करून तो दुसऱ्या कामाला लागला.

दुपारी ऐरणीवर हातोडी थांबवली तेव्हा पडद्याआडून आवाज आला. खरड, खरड, खरड. घाईघाईनं कुणी वाटीचा तळ खरवडत होतं.

"अगं, काय एवढं उरलंय त्या वाटीत?" त्यानं हाक मारली.

आवाज थांबला. पडदा सारून तो आत गेला. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. मागचं दार उघडं होतं आणि बायको बाहेर उन्हात कपडे वाळत घालत होती. ठकू शाळेत होती. टेबलावर सकाळच्या दुधाची वाटी पडली होती, धुतल्यासारखी स्वच्छ.

मांजर असेल, असं तो म्हणाला. मोठ्यानं म्हणाला, कारण मनातल्या मनात ते पटेना.

परत येऊन त्यानं पेटी उघडली. अकरा चमचे कोरडे होते. बाराव्याच्या पोटात वाफ धरली होती, जशी तोंडाजवळ धरलेल्या चांदीवर धरते. त्याच्या डोळ्यांदेखत ती कडेकडून आकसत गेली आणि नाहीशी झाली. पेटी तशीच उघडी टाकून तो उन्हात बायकोपाशी जाऊन उभा राहिला. ती म्हणाली, उभेच आहात तर चादरीचं दुसरं टोक धरा.

४

त्यानंतर त्याचं लक्ष जेवणाच्या टेबलावर गेलं. आधीच जायला हवं होतं.

बायकोनं चार ताटं मांडली होती.

"कुणी येणार आहे का?"

"कोण येणार? का हो?" तिनं टेबलाकडे बघितलं, हसली, एक ताट उचललं. "डोकं ठिकाणावर नाही माझं."

दुसऱ्या दिवशीही चार. तिसऱ्या दिवशी तो काही बोलला नाही आणि तिनंही ताट उचललं नाही. तिच्या ते ध्यानातच आलं नाही. रिकामं ताट ठकूच्या शेजारी राहिलं आणि सगळे जेवून उठले.

बायकोची तक्रार वेगळीच होती, आणि तक्रारीपेक्षा त्यात कौतुकच जास्त होतं. "तुमची लेक हल्ली राक्षसासारखी जेवते. वाढून वाढून हात दुखतात माझे. काल बटाट्यांचं अख्खं पातेलं संपवलं."

ठकूचा फ्रॉक खांद्यावरून घसरत होता. हाताची हाडं दिसायला लागली होती. डॉक्टरांनी जीभ बघितली, पोट दाबलं आणि वाढतं वय आहे म्हणून सांगितलं. जोडीवाल्यानं ते धरून ठेवायचा फार प्रयत्न केला. पोरं उंच होतात तेव्हा बारीक होतात. सगळ्यांचीच होतात.

मग एकदा जेवताना त्यानं आपल्या ताटातून नजर वर केली नाही, फक्त कान दिला. ठकूचा चमचा एकदा वाजला. आणि मध्येच, त्याच ताटात, उलट्या बाजूनं, दुसरं काहीतरी वाजायला लागलं. भरभर. खरड, खरड.

त्यानं झटकन मान वर केली. ठकूचं ताट रिकामं होतं. ती आपला चमचा उजव्या हातात धरून रिकाम्या ताटाकडे बघत बसली होती, आणि तिच्या तोंडात घासही नव्हता.

"ठकू, जेवलीस?"

"नाही."

"मग ताटातलं कुठे गेलं?"

"मी सुरू करते तोवर संपतं, बाबा." तिचा आवाज रडवेला नव्हता. सवय झालेल्या माणसाचा होता. "त्याला फार घाई असते."



५

दुसऱ्या दिवशी दुकानदार उगवला. एकटा नव्हता. मागोमाग काठी टेकत मालकीणबाई आल्या. विकण्यापूर्वी एकदा डोळे भरून बघायचे म्हणून हट्टानं आलेल्या.

"यांना पायऱ्या चढवता चढवता माझीच कंबर गेली," दुकानदार कुरकुरला.

"तुझी गेली, माझी शाबूत आहे," म्हाताऱ्या बाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. पेटी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्या एकेका चमच्यावरून बोट फिरवत बोलू लागल्या. "हा आजोबांचा. दात नव्हते. हा काकूचा, ती औषध ढवळायची दिवसभर. हा थोरल्याचा. हा माझा." स्वतःच्या चमच्यावर त्यांचं बोट जरा रेंगाळलं. "सगळे गेले. मीच मागे राहिले."

मग बोट बाराव्यावर आलं आणि थांबलं.

"हा कुणाचा?"

दुकानदार छाती काढून म्हणाला, "बघा, ओळखूसुद्धा येत नाही ना? हरवलेल्याची जोड आहे."

"हरवला नव्हता कुठलाच."

"असं कसं? पेटीत बारा खाचा आहेत की!"

"अरे, घरात आम्ही अकरा माणसं होतो. चमचे अकराच घडवले. पेटीवाल्याकडे पेटी बाराचीच मिळाली. अकराची पेटी कोण करून ठेवतो?" त्या चमच्याकडे बघतच होत्या. हात लावत नव्हत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. आयुष्यभर चमच्यांवरून माणसं ओळखलेली बाई होती ती. "डावखुरं आहे. आणि किती भूक रे ही... असं पोर आमच्या घरात कधी नव्हतं. कुणाचं आहे हे?"

कुणीतरी होतं, हरवलं होतं, आपण त्याची जोड केली, या समजुतीवर जोडीवाला इतके दिवस तग धरून होता. जुन्या घरातलं काही चिकटून आलं असेल तर ते परत करता येईल, असंही त्याला कुठेतरी वाटत होतं. आता परत कुणाला करायचं?

"काढून घ्या तो," बाई म्हणाल्या. "माझे अकरा मी घरी नेते. विकायचे नाहीत मला." दुकानदार हातापाया पडला, पण त्या उठल्या. दारात वळून त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "लहान मूल आहे ना तुमच्या घरात? जपा हो त्याला."

६

त्यानं वेळ घालवला नाही. ते गेले तसा चमचा मुशीत टाकला, मूस भट्टीत ठेवली आणि भाता ओढायला लागला. बायको नि ठकू आत जेवायला बसल्या होत्या. तिनं दोनदा हाक मारली. त्यानं आलोच म्हणून सांगितलं.

चांदी लगेच वितळत नाही. आधी लाल होते, मग घाम फुटल्यासारखी चमकते, आणि मग एकाएकी आपला आकार सोडते. दातांचे खड्डे आधी भरून आले. मग टोक गेलं. मग चमचा असा राहिलाच नाही, मुशीच्या तळाशी नुसता लखलखता गोळा हलत राहिला. जोडीवाल्यानं तो साच्यात ओतला. कांब झाली. जशी सुरुवातीला होती तशीच.

त्याला हुंदका आला. सुटकेचाच होता तो. आत बायको ठकूला म्हणत होती, सावकाश खा, कुणी पळवत नाही तुझं. आणि ठकू हसत होती. किती दिवसांनी हसत होती.

मग ठकू किंचाळली.

पडदा त्याच्या हातात फाटून आला. ठकू खुर्चीवर उभी होती आणि बायकोनं तिला कवटाळलं होतं. ठकूच्या उजव्या हातातला चमचा खाली पडला होता. मनगटाच्या जरा वर, जिथे घास उचलताना हात ताटावरून जातो, तिथे रक्त येत होतं.

"काय चावलं? अहो, बघा ना काय चावलं हिला! मी इथेच बसलेय, इथे काहीच नव्हतं!"

त्यानं ठकूचा हात उजेडात धरला. लहान तोंडाचा चावा होता. दातांचे खड्डे, मध्ये फट, आणि फटीच्या कडेला तुटक्या दाताची तिरपी धार. दुसऱ्या कुणाला तो नुसता चावा दिसला असता. त्याला आपलं काम दिसलं. तो लेकीचा हात धरून जमिनीवरच बसला.

चमचा होता तोवर ते चमच्यानं खात होतं. चमचा त्यानं हिरावून घेतला होता. भूक तेवढी होती तशीच होती, आणि तीही त्यानंच घडवली होती.

"तीनच ताटं मांडली आज," बायको ठकूच्या हाताला पट्टी बांधता बांधता पुटपुटली. आपण काय म्हणतोय ते तिलाही कळत नसावं.

७

दिवस कलायच्या आत चमचा व्हायला हवा होता. पुढच्या जेवणाच्या आधी.

त्यानं तीच कांब तापवली. दोनदा घाव चुकला. शिशाच्या ठोकळ्यावर पोट आणलं, काठ गोल केला, दांडा लांबवला. मग कानस हातात घेतली आणि ठेवून दिली. झीज केली नाही. दात केले नाहीत. कुणाचा अंगठा कुठे बसेल याचा विचार मनात आला तसा त्यानं तो ढकलून दिला आणि घोटत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं कुणाचाही नसलेला चमचा केला.

टेबलावर त्यानं स्वतःच्या हातानं चार ताटं मांडली. चौथ्याच्या डाव्या बाजूला नवा चमचा ठेवला. उजव्या बाजूला ठेवायचा धीर त्याला झाला नाही. ठकूला त्यानं आपल्या पलीकडे, भिंतीच्या बाजूला बसवलं आणि आपण मध्ये बसला. खिडकीतून उतरतीचं ऊन येत होतं. पातेल्यातल्या सुपाची वाफ दिसत होती. सगळं अगदी रोजच्यासारखं होतं.

बायकोनं वाढायला घेतलं. आधी ठकूला वाढलं, मग त्याला, मग स्वतःला. जोडीवाला ठकूच्या ताटाकडे डोळे लावून बसला. ठकूनं घास उचलला. तोंडात घातला. चावला. गिळला. ताटातलं ताटातच होतं. तिनं दुसरा घास घेतला, मग तिसरा, आणि मग पोरगी मान खाली घालून अशी जेवायला लागली की त्याचे डोळे भरून आले. बायको ठकूकडे बघून हसली. त्याला वाटलं, जमलं.

मग त्यानं चौथ्या ताटाकडे पाहिलं.

चमचा टेबलावर नव्हता. ताटाच्या वर, लहान मूल कोपर टेकून हात उभा धरेल तेवढ्या उंचीवर, तो होता. हलत नव्हता. त्याचं रिकामं पोट जोडीवाल्याकडे वळलं होतं. दांड्याभोवती काही दिसत नव्हतं, फक्त दांड्यावर, मधोमध, चांदीची झळाळी एवढ्याशा अंगठ्याइतकी विझली होती.

तो बायकोकडे वळला. तिनं बघावं म्हणून की बघू नये म्हणून, ते त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं.

बायको पाव मोडत होती. तिनं चौथ्या खुर्चीकडे एक नजर टाकली, ठकूकडे टाकावी तशीच, आणि त्याच्याकडे बघून वैतागली.

"अहो, बघत काय बसलात? कधीचं चमचा पुढे करून बसलंय ते. वाढा की."

ठकू खायची थांबली. तिनं आपलं ताट दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढून घेतलं.

जोडीवाल्यानं डाव उचलला आणि वाढलं.